व्याह्याची सतरंजी

सेफ्रू गाव मागे पडेपर्यंत लल्ला बतूलला कुणी खरं सांगितलं नव्हतं.

फेज़ शहरातून सकाळी सातला निघताना तिला एवढंच माहीत होतं की रविवार आहे, ऑगस्टच्या उकाड्याने जीव नकोसा झाला आहे, रक्तदाबासाठी डॉक्टरांनी डोंगरातली हवा घ्या म्हणून सांगितलं आहे, आणि एकुलता एक मुलगा मुनीर आपल्याला तामदाचा धबधबा दाखवायला नेतो आहे. धबधबा म्हणजे पाणी वरून खाली पडणार, त्यात बघायचं काय, असं ती दोनदा म्हणाली होती. पण मुलाने नेतो म्हटल्याचा आनंद होताच. त्या आनंदात पहाटे उठून तिने लिंबाचं लोणचं आणि हिरवे ऑलिव्ह घालून, पण वरून मीठ न टाकता कोंबडी शिजवली, बदामाचं सारण भरलेल्या चंद्रकोरी डब्यात रचल्या, सगळं धुतलेल्या फडक्यात गुंडाळून वेताच्या टोपलीत ठेवलं. घडीची खुर्चीही आठवणीने डिकीत टाकायला लावली. जमिनीवर बसायची सवय तिच्या घराण्यात कुणाला नव्हती, आणि आता चौसष्टाव्या वर्षी गुडघेही घराण्याच्या बाजूने झाले होते.

पुढे मुनीरच्या शेजारी ती बसली होती. मागे सून इत्तो आणि चार वर्षांची नात. नातीचं नाव तूदा. हे नाव बतूलने एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. तिने आपल्या आईचं ज़ैनब हे नाव सुचवलं होतं, ते नाकारून आईबापांनी डोंगरातलं कुठलंसं नाव ठेवलं, म्हणून ती नातीला ज़ैनबच म्हणे. पोरगी दोन्ही नावांना ओ देई.

घाट सुरू झाला तसं पोरीने पुढे वाकून आजीच्या मानेला मिठी मारली.

"आजी, हद्दूआजोबांनी आपल्यासाठी कोकरू कापलंय. कलेजी मला देणारेत. तुला काय पाहिजे?"

मुनीरने उगाच आरसा नीट केला.

"कोण आजोबा?" बतूलने विचारलं.

"हद्दूआजोबा! आईचे बाबा!"

"मुनीर, गाडी थांबव."

"आई, घाटात कुठे थांबवू?"

"मग वळव."

"वळवायला जागा नाहीये गं."

"जागा नाही की परवानगी नाही? मागे विचारून घे एकदा."

"लल्ला," मागून इत्तो थोरल्या बाईला मारतात त्या मानाच्या हाकेने म्हणाली, "यांना काही बोलू नका. सांगू नका असं मीच म्हटलं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

"मला काय पोतं समजलीस? घातलं डिकीत आणि निघाले?"

"पोती डिकीत असतात, लल्ला. तुम्ही पुढच्या सीटवर आहात."

मुनीरला हसू आलं, ते त्याने खोकून घालवलं. बतूलने ते बघितलं आणि मनात नोंदवून ठेवलं. त्यानंतर तासभर तिने खिडकीबाहेरचे देवदार बघितले आणि एकाही झाडाचं कौतुक केलं नाही.

इत्तो दवाखान्यात नर्स होती. सहा वर्षांपूर्वी बतूलचा नवरा शेवटच्या आजारात पडून होता तेव्हा रात्रपाळीला हीच असे. मुनीर बापाच्या उशाशी बसे. चाळीस दिवसांनी बाप गेला आणि वर्षभरात लग्न ठरलं. बतूल ओळखीपाळखीत एकच वाक्य सांगे, "नवऱ्याची नाडी बघायला आली आणि पोराचा हात धरून बसली." ऐकणाऱ्या बायका हसत. इत्तोच्याही कानावर ते गेलं होतं. घर बतूलचं होतं, स्वयंपाकघर बतूलचं होतं, आणि पाच वर्षं त्या दोघी एका ओट्यापाशी, एकमेकींच्या कोपरांना न लागता वावरत होत्या.

आणि लग्नाचा तो दिवस. नवरीचा बाप हद्दू डोंगरातून दोन मेंढे घेऊन छोट्या टेंपोतून आला. अंगात लोकरीचा राखाडी जेलाबा, पायात धुळीने माखलेले बूट. दरवानाने त्याला मेंढ्यावाला समजून मागच्या अंगणात आचाऱ्यांबरोबर जेवायला बसवलं. तासाभराने इत्तो बापाला शोधत आली तेव्हा तो हाडं चोखत होता आणि आचाऱ्याच्या पोराला शीळ घालायला शिकवत होता. केवढा गोंधळ झाला. बतूलने सगळ्यांसमोर दरवानाची खरडपट्टी काढली. वरच्या दिवाणखान्यात येऊन हद्दूने मुलीच्या कपाळावर ओठ टेकले आणि निघून गेला. त्यानंतर तो फेज़मध्ये आला नाही, आणि बतूल डोंगरात गेली नाही.

तामदाच्या अलीकडे रस्ता नदीच्या पात्रातूनच जातो, सिमेंटच्या फरशीवरून. फरशीवर बोटभर पाणी होतं. पलीकडे चढून गेलं की झाडांखाली गाड्या लावायची मोकळी जागा, आणि तिथून धबधबा दिसतो. तांबड्या कड्यावरून चाळीसेक हात उंचीवरून पाणी कोसळतं, खाली हिरवागार डोह होतो, आणि डोहातून नदी दोन फाटे करून वाहते. त्या दोन फाट्यांच्या मधे गोट्यांचा एक उंचवटा, त्यावर कण्हेरीची झुडपं. रविवारची माणसं काठाने पसरली होती. कुणी कलिंगड पाण्यात गार करत ठेवलं होतं, कुणाची शेगडी धुरकटत होती, गाड्यांतून गाणी चालली होती.

हद्दूची सतरंजी मात्र पाण्याजवळ नव्हती. काठापासून पन्नास पावलं वर, अक्रोडाच्या झाडाखाली त्याने ती अंथरली होती. लाल, काळी, गुडघाभर जाड वाटावी अशी हातमागाची. तो उभा राहिला. सत्तरी उलटलेला, काठीसारखा सरळ, डोक्याला पांढरा फेटा, मिशा पिवळट. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

बतूलने अक्रोडाच्या झाडाकडे बघितलं.

"सगळं जग पाण्याजवळ आणि आपण माळावर," ती मुनीरला म्हणाली, पुरेशा मोठ्याने. "मेंढरांमागे आयुष्य गेलं की सवय जात नाही."

हद्दूने लेकीला आपल्या बोलीत काही सांगितलं. त्याला अरबी येत नाही असं बतूल समजून होती.

"बाबा म्हणतात," इत्तो म्हणाली, "बसा. तुमचं पथ्य माहीत आहे त्यांना, बिनमिठाचं वेगळं काढलंय."

"सांग त्यांना, मला त्यांच्या हातचं मिठाचं नको आणि बिनमिठाचंही नको. माझं जेवण माझ्याबरोबर आहे."

इत्तोने हे सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती बहुतेक, कारण म्हातारा खाली बसला आणि निखाऱ्यांवरच्या भांड्याशी खुडबुड करू लागला.

"मुनीर, माझी खुर्ची काढ."

"कुठे ठेवू, आई?"

"धबधबा बघायला आणलंस ना? मग धबधबा बघते. तिथे मधे ठेव, त्या झुडपांपाशी."

"आई, पाण्यातून जावं लागेल."

"घोटाभर पाण्यात मी बुडत नाही."

वहाणा हातात घेऊन, झगा वर धरून ती खरोखरच फाटा ओलांडून गोट्यांच्या उंचवट्यावर गेली. बदामाच्या चंद्रकोरींच्या मागे पोरगी गेली. मग सुरू झाली मुनीरची ये-जा. खाली आईसोबत कोंबडीची तंगडी, वर सासऱ्यासोबत कोकराची फासळी, पुन्हा खाली चंद्रकोर, पुन्हा वर मध-लोणी लावलेली भाकरी. दोन्हीकडे तो "पोट भरलं" म्हणत होता आणि दोन्हीकडे कुणी ऐकत नव्हतं. भिजलेली विजार पिळत तो एकदा मधेच पाण्यात उभा राहिला, ना इकडे ना तिकडे, तेव्हा बतूलला त्याचा बाप आठवला. त्यालाही कधी ठरवता यायचं नाही. क्षणभर तिला पोराची दया आली. पण दया आली म्हणून जागा सोडायची असते असं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दोनच्या सुमाराला इत्तो पाण्यातून आली. "लल्ला, वर चला. बाबा म्हणतात, वरच्या डोंगरात काळं भरलंय."

बतूलने वर बघितलं. आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं निळं होतं.

"कुठे आहे काळं?"

"इथून नाही दिसणार. कड्याच्या मागे आहे. तिकडे पाऊस पडला की इथे पाणी येतं, लोंढाच येतो."

"पाच वर्षं मी त्या माणसाच्या सतरंजीवर बसले नाही. आज पाण्याची भीती घालून बसवणार होय? युक्ती चांगली आहे. तुझी की त्यांची?"

"लल्ला, राग माझ्यावर काढा. वर बसून काढा. पण उठा."

"नदी त्यांच्या मालकीची आहे का?"

"नाही. म्हणूनच ती त्यांचं ऐकत नाही." इत्तोने पोरीला काखेत उचललं. पोरगी रडायला लागली, "मला आजीजवळ राहायचंय!"

"ज़ैनब इथेच राहील," बतूल म्हणाली.

"तूदा माझी आहे," इत्तो म्हणाली आणि पाण्यातून निघून गेली. मागे वळलीसुद्धा नाही.

मग मुनीर आला. त्याने विनवण्या केल्या, हात जोडले, शेवटी खुर्चीसकट उचलतो म्हणाला.

"हात लावून बघ," बतूल म्हणाली. "मला चहा हवा आहे. चहा आण, मग बघू."

तो चहा आणायला गेला. बतूल पाय लांब करून धबधब्याकडे बघत बसली. तिला आता त्या जागेचा कंटाळा आला होता. गोटे टोचत होते, तुषारांनी गार वाटू लागलं होतं. पण वर अक्रोडाखाली ती माणसं बसलेली दिसत होती, आणि ती आपल्याकडे बघताहेत हेही दिसत होतं. अशा वेळी कोण उठतं?

आधी वास आला. ओल्या मातीचा, तव्यावर पाणी टाकल्यासारखा. मग पायाशी काचेसारखं होतं ते पाणी गढूळ झालं, चहाच्या रंगाचं. त्यात पानं, काटक्या, एक मेलेला सरडा. तेवढ्यात वरून शीळ आली, लांबलचक, कानात घुसणारी. बतूलने बघितलं तर हद्दू उभा राहून दोन बोटं तोंडात घालून शीळ घालत होता. तिच्याकडे बघून.

तिच्या अंगाची लाही झाली. मी काय त्याची मेंढी? शीळ घातली की उठून कळपात जाऊ? त्या रागात ती आणखी अर्धं मिनिट खुर्चीवर बसून राहिली.

ते अर्धं मिनिट महागात पडलं. काठावरची माणसं ओरडत सुटली, कुणी मुलं उचलली, कुणी सतरंज्या तशाच टाकल्या. धबधब्याचा आवाज बदलला. आतापर्यंत तो पाण्याचा होता, आता दगडांचा झाला. कड्यावरून पडणारी धार बघता बघता तिप्पट रुंद आणि तांबडी झाली. बतूल उठली तेव्हा तिच्या वहाणा तरंगत निघाल्या होत्या. मागच्या फाट्यात मघाशी घोटाभर पाणी होतं, ते आता मांडीला लागेल एवढं होतं आणि नुसतं धावत होतं. तिने एक पाय घातला आणि पायाखालची जमीनच सरकली. ती मागे आली. टोपली छातीशी धरून कण्हेरीच्या झुडपाला पाठ लावून उभी राहिली. ओरडावं असं तिच्या मनात आलं. पण कुणाला हाक मारायची?

हद्दू पाण्यात उतरत होता. त्याने फेटा सोडला होता. वीस हात लांब ते कापड, एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरं काठावर इत्तोच्या हातात, तिच्यामागे मुनीर. म्हातारा काठीने तळ चाचपत, प्रवाहाकडे खांदा करून आडवा आडवा आला. जवळ आल्यावर त्याने काही न विचारता तिच्या हातातली टोपली ओढली आणि नदीत फेकून दिली.

"माझी टोपली!"

त्याने वाकून तिला कमरेत धरलं आणि खांद्यावर टाकलं. डोकं मागे, पाय पुढे, जशी अडलेली मेंढी ओढ्यातून नेतात तशी. बतूलच्या डोक्यावरचा रुमाल गेला, पांढरे केस तोंडावर आले. मधे एकदा त्याचा पाय गेला आणि दोघंही पाण्याखाली गेली. नाकातोंडात माती गेली. फेटा ताणला गेला, कुणीतरी जिवाच्या आकांताने ओढलं, आणि गुडघे दगडावर आपटत ती काठाला लागली. काठावर पन्नास माणसं उभी होती. कुणी अल्लाचे आभार मानत होतं, एक तरुण फोन वर धरून सगळं टिपत होता.

हद्दूने तिला उभं केलं. ती उभी राहिली, तोंडातलं पाणी थुंकली, आणि सणसणीत त्याच्या थोबाडीत दिली.

फोनवाल्याने हात खाली घेतला.

हद्दूने गाल चोळला. "हात चालतोय," तो म्हणाला, स्वच्छ अरबीत. "म्हणजे काही मोडलेलं नाही."

बारा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाची ती अरबी होती. म्हणजे सकाळपासूनचं सगळं, मेंढरांचं, मिठाचं, त्याने ऐकलं होतं. बतूलला पाण्यात वाजली नव्हती तेवढी थंडी आता वाजली.

फरशी पाण्याखाली गेली होती. पाणी उतरेपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, पलीकडे जाणं शक्य नव्हतं. इत्तोने घोंगड्याचा आडोसा करून सासूचे ओले कपडे काढले. बरगड्या दाबून बघितल्या, घोटा फिरवून बघितला, गुडघ्यावरची खरचट धुतली. तिचे हात दवाखान्यातल्यासारखे चालत होते, चटचट, कुठेही न दुखवता. चेहरा मात्र भिंतीसारखा होता. मग तिने आपल्या मेलेल्या आईची लोकरीची पट्ट्यांची शाल आणून बतूलच्या अंगावर टाकली. अंगावर घेण्याजोगं दुसरं काही कोरडं नव्हतं.

आणि खुर्ची वाहून गेली होती. बतूल सतरंजीवर बसली, अगदी कडेला, सगळ्यांकडे पाठ करून.

मुनीर फरशीचं पाणी बघायला गेला. पोरगी रडून रडून झोपली. इत्तो जरा पलीकडे शेगडीवर किटली ठेवत होती. हद्दूच्या तळहाताला दगडाने चीर गेली होती, त्यावर त्याने चिंधी बांधली होती आणि दाताने गाठ ओढत होता.

"विहीणबाई," तो म्हणाला, "एक विचारू?"

"नको म्हटलं तर थांबणार आहात का?"

"नाही."

"मग विचारा."

"लग्नाच्या दिवशी मी तुमच्या दारात उभा होतो. वरच्या खिडकीत तुम्ही होता. दरवानाने वर बघून तुम्हाला काही विचारलं, तुम्ही काही सांगितलंत. मला ऐकू आलं नाही. काय सांगितलंत?"

उत्तर तयार होतं. पाच वर्षं ती ते देत आली होती, वापरून वापरून ते गुळगुळीत झालं होतं: मी खिडकीत नव्हतेच, तो दरवान बिनडोक होता. जिभेवर आलंही होतं. पण या माणसाने तिला पन्नास लोकांसमोर मेंढीसारखं खांद्यावर घातलं होतं, आणि आता तिच्याकडे शांतपणे बघत होता, जसा काही हिशेब आजच संपवायचा असल्यासारखा. तिला त्याला दुखवायचं होतं. मनापासून, खोलवर. आणि खोट्याने तो दुखावला नसता.

"मी म्हटलं, मेंढ्यावाल्याला मागच्या अंगणात बसव आणि पोटभर वाढ."

"मी मेंढ्यावाला नाही हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. मुनीरने फोटो दाखवला होता. बुटांकडे बघितलं तुमच्या. दिवाणखान्यात माझ्या माहेरची माणसं बसली होती."

हद्दूने मान हलवली.

"पोटभर वाढलं होतं, हे खरं," तो म्हणाला. "बरं केलंत सांगितलंत ते. पाच वर्षं मी त्या दरवानाला शिव्या घालतोय. त्या बिचाऱ्याच्या परत घ्यायला पाहिजेत."

"घ्या परत."

"घेतो. आणि तुम्हाला देतो."

"द्या. मला काही फरक पडत नाही."

"तेही दिसलं." त्याने थाळी पुढे सरकवली. कोकराचं मऊ मांस, कांदा, मनुका, शेजारी ताकाचा वाडगा. "जेवा आता."

"का?"

"माझ्या सतरंजीवरून कुणी उपाशी उठत नाही म्हणून. तुमच्यावर माझी माया आहे असं समजू नका. पाण्यातून आणलं तेही त्यासाठी नाही. माझ्या नातीच्या देखत तिची आजी वाहून जायला नको होती."

बतूलला भूक लागली होती. पोटात नदीची माती होती आणि कोंबडी माशांनी खाल्ली असणार. तिने पहिला घास घेतला, मग दुसरा. जेवण उत्तम होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"पथ्याचं आहे ते."

तेव्हा तिचं लक्ष गेलं. किटली उकळून उतू जात होती आणि इत्तो किटलीकडे बघत नव्हती. ती उभी होती, हातात पुदिन्याची जुडी तशीच. पाच वर्षं तिने बापाची समजूत घातली होती की चूक दरवानाची होती. पाच वर्षं तिने स्वतःचीही घातली असणार. इत्तोने जुडी खाली ठेवली, किटली उतरवली आणि आपल्या बापाच्या शेजारी जाऊन बसली.

संध्याकाळी पाणी उतरलं. गाडी निघायच्या वेळेला इत्तो झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन अक्रोडाखालीच उभी राहिली.

"मी इथे राहते," ती मुनीरला म्हणाली. "तुम्ही यांना पोचवा. मग विचार करून या. घर बघून या."

"इत्तो, आई काय म्हणाली ते मला... रागात काही तरी..."

"रागात नाही. पहिल्यांदा शुद्धीत बोलल्या. त्यांना विचारा."

मुनीरने आईकडे बघितलं. बतूल अंगावर परकी शाल घेऊन गाडीत बसली होती. खोटं बोलायची ही आणखी एक संधी होती, आणि मुलगा त्या खोट्याचीच वाट बघत होता, हे तिला स्पष्ट दिसत होतं. "गाडी सुरू कर," ती म्हणाली. "अंधार पडेल."

मुनीरने गाडी सुरू केली.

सप्टेंबरच्या शेवटी मुनीरने दवाखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या. सामान हलवायला तो एकटाच आला, चार दिवस, पोती भरून. बतूलने कपाटांच्या किल्ल्या दिल्या आणि स्वतः गच्चीवर जाऊन बसली. त्या पावसाळी पाण्याची हकिकत नातेवाइकांत पसरली होती, फोनवरचं ते चित्रही कुणी कुणी बघितलं होतं. बायका विचारायला येत. बतूल सांगे की एका रानटी माणसाने तिची टोपली फेकली, तिला उलटं धरलं. इथपर्यंत गोष्ट चांगली रंगे. मग कुणी तरी विचारी, "पण मग सून वेगळी का झाली?" तिथे बतूल उठे आणि चहाचं बघायला जाई.

सून मात्र येत राहिली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पाळी संपवून. बतूलने बोलावलं नव्हतं. मुनीरनेही सांगितलं नव्हतं. इत्तो यायची, बूट दारात काढायची, सासूच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी गुंडाळायची. "एकशे साठ, पंच्याण्णव," म्हणायची. गोळ्यांच्या पाकिटातल्या रिकाम्या जागा बघायची आणि जायची. कधी पाणीही प्यायली नाही.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी पट्टी सैल होत असताना बतूलला राहवलं नाही.

"त्या दिवशी पाण्यात आम्ही दोघं गेलो होतो," ती म्हणाली. "तू एवढं ओढलंस. हात सोलून निघाले होते तुझे, मी बघितले. एवढं सगळं मी केल्यावरही... मला काढलंस ना?"

तिला काय ऐकायचं होतं कोण जाणे. इत्तोने पट्टी गुंडाळून पिशवीत ठेवली.

"दुसऱ्या टोकाला माझा बाप होता, लल्ला," ती म्हणाली. "मी त्याला ओढत होते. आणि तोवर, लग्नात तुम्ही काय केलंय ते मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

इत्तोने खरंच विचार केला. बुटात पाय घालून, दाराला हात लावून ती उभी राहिली.

"तरी ओढलं असतं," ती म्हणाली. "पण तुम्ही विचारू नका मला असलं. मीठ खाताय तुम्ही पुन्हा. एकशे सत्तर आहे आज."

ती जिना उतरली. बतूल दार लावून स्वयंपाकघरात आली. ओट्यावर काल शेजारणीने दिलेले खारवलेले ऑलिव्ह होते. तिने बरणी उचलली, एक ऑलिव्ह तोंडात टाकला, बी थुंकली, आणि दुसरा घेतला.